रस्त्यावरच्या तसबिरी

घराची पारख पुष्कळ गोष्टींवरून करता येते. कोणी ती पुस्तकांच्या कपाटावरून करतात, कोणी स्वयंपाकघरातील मांडणीवरून, तर कोणी दारातल्या चपलांच्या रांगेवरून. आम्हांस विचाराल तर बैठकीच्या खोलीतील भिंतीवर आमचा अधिक विश्वास आहे. पुस्तके भेट म्हणून येतात, सतरंजी शेजाऱ्याची असू शकते. पण भिंतीवर खिळा ठोकून जी तसबीर टांगली जाते ती घरच्या मंडळींनी विचारपूर्वक निवडलेली असते. तिला उदबत्ती ओवाळावयाची की नुसती धूळ पुसावयाची, तिच्याशेजारी कोणास बसवावयाचे आणि कोणास नाही, या साऱ्या गोष्टींचा निर्णय केव्हातरी झालेला असतो. म्हणून परक्या घरी गेलो असता चहा येईपर्यंतचा वेळ आम्ही भिंती वाचण्यात घालवितो. ही खोड सभ्यपणाची नव्हे हे आम्हांस ठाऊक आहे. पण ती जडली आहे खरी.

भिंतीवरच्या तसबिरींचे मूळ शोधू लागले म्हणजे पावले आपोआप रस्त्याकडे वळतात. आमच्या नाशकात एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की ठिकठिकाणच्या पदपथांवर चित्रांचे विक्रेते दिसू लागतात. एक प्लॅस्टिकचा कागद अंथरावयाचा, चारी कोपऱ्यांवर चार दगड ठेवावयाचे, आणि त्यावर गुंडाळलेली चित्रे उलगडून मांडावयाची, इतकेच त्यांचे दुकान. चौदा एप्रिलच्या सुमारास त्या कागदावर निळ्या रंगाचे राज्य असते. निळ्या कोटातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हातात संविधानाचा ग्रंथ. बाबासाहेब आणि रमाबाई. मध्ये बुद्ध आणि दोहों बाजूंस बाबासाहेब व जोतीराव. फुले, शाहू, आंबेडकर असे तिघे एका ओळीत. कपाळावर मोठे कुंकू आणि डोक्यावरून पदर घेतलेल्या सावित्रीबाई. हेच विक्रेते पुढे बुद्धपौर्णिमेस त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी, तेरा ऑक्टोबरास येवल्याच्या मुक्तिभूमीवर आणि सहा डिसेंबरास मुंबईच्या चैत्यभूमीवर भेटावयाचे. त्यांचे पंचांग निराळे आहे, आणि त्या पंचांगात एका लोकसमूहाचा इतिहास सामावलेला आहे.

अशा छापील चित्रांची परंपरा महाराष्ट्रात काही कालची नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यास १८७८ साली चित्रशाळा निघाली, आणि रामपंचायतनापासून छत्रपती शिवाजी महाराजांपर्यंत अनेकांची चित्रे मराठी घरांत शिरली. १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईस शिळाप्रेस काढला. तो पुढे मळवलीस गेला. त्या काळी प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागे, आणि एकाच कागदावर एकामागून एक दगड ठसविला म्हणजे लक्ष्मीच्या शालूची जर उजळू लागे. आमच्या त्र्यंबकेश्वरास १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छपाईच्या विद्येत मुरलेले होते. आज त्यांचे स्मारक त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी आहे आणि त्याच्या लगतच बुद्धविहार आहे. चित्रे छापणारा आणि चित्रांतून पुजला जाणारा असे दोघेही तेथे शेजारी आले आहेत. हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

कारण या छापील चित्राने एक मोठी क्रांती नकळत केली होती. देवळातील मूर्तीचे दर्शन कोणास घडावे आणि कोणास घडू नये याचे नियम होते. कागदावरच्या मूर्तीस ते नियम लागू करता येईनात. चार पैसे टाकले की राम, कृष्ण, लक्ष्मी, सरस्वती कोणाच्याही झोपडीत येऊन उभी राहत. ज्याला गाभाऱ्याची पायरी चढण्याची बंदी, त्याच्या कुडाच्या भिंतीवर देव आपण होऊन उतरला. तेव्हा कोणी असे म्हणेल की, मग देवळाच्या दारासाठी भांडावयाचे कशाला? राम घरी आलाच होता! पण नेमके येथेच नाशिकच्या इतिहासाने निराळे उत्तर दिले आहे.

२ मार्च १९३० रोजी नाशकात अस्पृश्य म्हणून गणलेल्या बांधवांची परिषद भरली आणि सुमारे पंधरा हजारांची मिरवणूक शिस्तीने पंचवटीतील काळाराम मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. मिरवणूक गंगेच्या घाटावर गेली, तेथे सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. ही मंडळी मंदिराच्या चारी दरवाजांवर बसली. बाबासाहेबांनी तेव्हाच स्पष्ट सांगितले होते की, देवळात गेल्याने आपले सारे प्रश्न सुटणार नाहीत. हिंदू मन आपणांस माणूस म्हणून वागवावयास तयार आहे की नाही याची ही कसोटी आहे. म्हणजे प्रश्न दर्शनाचा नव्हता, दाराचा होता. कागदी रामाने दर्शनाची तहान भागविली असेल. दाराशी झालेला अपमान त्याने कसा भागावा? ९ एप्रिलच्या रथोत्सवात झटापट झाली, दगड पडले, माणसे रक्तबंबाळ झाली. चिटणीस भाऊराव कृष्णराव गायकवाड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लढा नेटाने चालविला, आणि तो १९३५ पर्यंत चालू राहिला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या दाराशी पाच वर्षे ठोठावले, त्याकडे पाठ फिरवून माणसे दुसऱ्या वाटेने चालू लागली. ती वाट १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास पोहोचली.

आता चित्रांच्या दृष्टीने पाहावे तर एक गोष्ट मनाला चटका लावते. नाशिकची मिरवणूक निघाल्यानंतर दहाच दिवसांनी, १२ मार्च १९३० रोजी, महात्माजी दांडीच्या वाटेला लागले. त्या यात्रेची चित्रे अमाप निघाली. काठी टेकीत चाललेली ती मूर्ती आज शाळकरी पोरासही एका रेषेत काढता येते. काळारामाच्या चार दरवाजांवर बसलेल्या त्या दीडशे माणसांचे चित्र मात्र बाजारात रुळले नाही. महाडच्या चवदार तळ्याचे चित्र आहे. १९२७ साली ओंजळीने पाणी उचलणारे बाबासाहेब आज शेकडो भिंतींवर दिसतात. पण नाशिकचा सत्याग्रह खुद्द नाशिकच्या पदपथावरही आम्हांस क्वचितच आढळतो. याचे कारण शोधता आम्हांस असे वाटते की, बाजारचे चित्र विजयाचा क्षण शोधते. तळ्याचे पाणी ओठांस लागले तो क्षण चित्रात बसतो. पाच वर्षे बंद राहिलेले दार चित्रात बसविणे अवघड आहे. बसून राहणे हाच जेथे पराक्रम, तेथे चित्रकाराने काढावे काय?

जी चित्रे निघतात त्यांच्याकडे थोडे बारकाईने पाहू. आमच्या ओळखीतील काही रसिक या चित्रांना हसतात. रंग भडक, कोट अतिनिळा, गळ्यातील टाय तांबडाभडक, मागे सूर्याचे किरण. यात कला ती कोठली, असा त्यांचा सवाल असतो. आम्ही त्यांस इतकेच विचारतो की, कोट हाच का निवडला गेला याचा विचार कधी केला आहे काय? ज्याच्या अंगावर उंची वस्त्र असावयाचे त्याने ते टाकून पंचा नेसणे हा त्याग. परंतु ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांना नवे वस्त्र, पायांत जोडा, डोक्यावर छत्री यांची बंदी होती, त्याने इस्तरीचा कोट घालून उभे राहणे हा हक्क. त्या चित्रातील ग्रंथाचेही तसेच. अक्षरांपासून ज्यांना दूर ठेवले त्यांच्या माणसाने देशाचा मूळ कायदा छातीशी धरला आहे, हे सांगण्यासाठी याहून सोपी खूण कोणती? निळा रंग बाबासाहेबांनी १९४२ साली स्थापन केलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निशाणाचा. तेव्हा चित्रकाराने आपल्या लहरीने यात फारसे काही घातलेले नाही. जे लोकांस वाचावयाचे होते तेच त्याने रंगांत लिहिले.

एका गोष्टीबद्दल मात्र आम्हीही चित्रकारांवर रुसतो. कॅलेंडरांच्या परंपरेत सुंदर म्हणजे गोरे असे समीकरण इतके घट्ट बसले आहे की, बाबासाहेबांचा, जोतीरावांचा, सावित्रीबाईंचा चेहराही पुष्कळदा गुलाबी होऊन बाहेर पडतो. जन्माच्या उतरंडीशी ज्यांनी आयुष्यभर झुंज घेतली, त्यांना मान द्यावयाचा तर कातडी उजळावी लागते, ही केवढी विसंगती! गाभाऱ्यातील राम काळा, त्याचे मंदिर काळ्या दगडाचे, नावही काळाराम. त्या काळ्या रंगापुढे आम्ही सारे हात जोडतो. मग माणसाच्या चित्रात तोच रंग ठेवावयास शाईवाल्याची लेखणी का अडखळावी?

रंगाचा हा प्रश्न आपल्या देशापुरता नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केली होती. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९४६ साली त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांचे थोर पुढारी व पंडित ड्यू बॉइस यांस पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली, आणि त्यांचे अगत्याचे उत्तरही आले. १९५५ च्या डिसेंबरात मॉन्टगोमेरी शहरातील कृष्णवर्णीयांनी बसगाडीवर बहिष्कार घातला आणि ३८१ दिवस ते पायी चालले. त्यांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले असता केरळातील एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य बांधव अशी करून दिली. प्रथम त्यांना ते बोचले, मग विचार करता पटले. हे त्यांनी स्वतःच १९६५ साली एका प्रवचनात सांगितले आहे. त्या लढ्याच्या छायाचित्रांत जी माणसे दिसतात त्यांचे पोशाख पाहावेत. किंग तर कोट आणि टाय यांतच असत. मोर्चांतील साधी माणसेही रविवारी प्रार्थनेस जावे तशी नीटनेटकी होऊन निघत. पदपथावरचा तो निळा कोट कोठल्या कुळातील आहे हे तेथे उमगते. पुढे १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेस दलित पँथर हे नाव दिले, तेही अमेरिकेतील ब्लॅक पँथरांवरून. आकाश निराळे, पण खाली तोच दरवाजा आणि बाहेर उभी असलेली तशीच माणसे.

या नात्याचा एक अगदी लहान, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा पुरावा नाशिकच्या नावावर जमा आहे, आणि तो आमच्या गावकऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसतो. नाशिकरोडला १९२५ साली सरकारी सुरक्षा मुद्रणालय निघाले, आणि तोवर विलायतेहून छापून येणारी टपालाची तिकिटे येथे छापली जाऊ लागली. १४ एप्रिल १९६६ रोजी टपाल खात्याने बाबासाहेबांचे १५ पैशांचे तिकीट काढले. २५ जानेवारी १९६९ रोजी किंग यांचे २० पैशांचे तिकीट निघाले. त्यांचा खून होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्या काळी देशाची तिकिटे नाशिकरोडलाच छापली जात. तेथून काळारामाचे मंदिर फार तर तीन कोसांवर. ज्या शहराने १९३० साली या माणसाला दाराबाहेर उभे केले, त्याच शहराच्या यंत्रांतून छत्तीस वर्षांनी त्याचा चेहरा लाखोंनी बाहेर पडला आणि सनातन्यांच्या, सुधारकांच्या, कोणाच्याही पाकिटावर बसून, कोणास न विचारता, घरोघर गेला. पोस्टमनने ते पाकीट दारातून आत टाकले. त्याला कोणी अडविले नाही. ज्या रस्त्याने मिरवणूक आत जाऊ शकली नाही, त्या रस्त्याने तिकीट गेले.

परंतु दारातून आत गेलेले तिकीट भिंतीपर्यंत पोहोचले काय? हा प्रश्न आम्ही आमच्यासारख्या सुशिक्षित, मध्यम स्थितीतील घरांपुढे ठेवू इच्छितो. आमचे एक स्नेही आहेत. मोठे वाचक, सज्जन, सोवळ्याओवळ्याचा लवलेश नाही. त्यांच्या अभ्यासिकेत टागोर आहेत, विवेकानंद आहेत, आणि चिरंजीवांनी अमेरिकेहून आणलेले किंग यांचे एक उत्तम छायाचित्र काळ्या चौकटीत आहे. एके दिवशी आम्ही सहज म्हटले, “अहो, याच्याशेजारी बाबासाहेब छान शोभतील. तेवढी जागाही आहे.”

ते थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “माझी ना नाही हो. मी त्यांचे ग्रंथ वाचले आहेत. पण लोक काय समजतील?”

“काय समजतील?”

ते हसले. “तुम्हांला ठाऊक आहे काय समजतील ते.”

आम्हांस ठाऊक होते. वाचकांसही ठाऊक आहे. किंग यांची तसबीर टांगली म्हणजे यजमान उदार मनाचा आहे असे समजतात; बाबासाहेबांची टांगली म्हणजे यजमान कोणत्या जातीचा आहे याचा अंदाज बांधतात. अटलांटिकपलीकडचा अन्याय आमच्या बैठकीत सुखाने बसतो, कारण त्याचा हिशेब आम्हांस द्यावयाचा नाही. गंगेपलीकडचा अन्याय आत आला की तो खुर्ची मागतो. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र वाचून ज्या घरांत डोळ्यांना पदर लागले, त्यांतील कित्येक घरांत पाण्याचे भांडे मात्र वेगळे असे. दूरच्यावर प्रेम करणे सोपे असते हे खरे. पण ते प्रेम खोटे असते असेही आम्ही म्हणणार नाही. स्वतः किंग यांच्या कचेरीत महात्माजींची तसबीर होती. १९६६ साली तिच्याशेजारी उभे असलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांनी दूरच्या माणसाची तसबीर टांगली ती घरचे काम करण्यासाठी बळ मिळावे म्हणून. आमची दूरची तसबीर पुष्कळदा घरच्या कामातून सुटका मिळावी म्हणून असते. अंतर एवढेच आहे, पण ते थोडेथोडके नव्हे.

याउलट जेथे या तसबिरी आहेत तेथे त्या कशा राहतात हेही सांगितले पाहिजे. गेल्या चौदा एप्रिलास एका विक्रेत्यापाशी आम्ही उभे असता दिंडोरीकडच्या एक वयस्क बाई आल्या. त्यांनी सारी चित्रे चाळली आणि विचारले, “दादासाहेब न्हाई का रं बाबा?” विक्रेता तरुण होता. तो म्हणाला, “कोणते दादासाहेब, आजी? फाळके?” बाईंनी कपाळाला हात लावला. “आरं, आमचे गायकवाड! आंब्याचे. माझी आजेसासू त्यांच्या सत्याग्रहाला भाकरी बांधून गेलती.” चित्र त्याच्याजवळ नव्हते. बाईंनी रमाबाईंचे एक लहानसे चित्र घेतले, पदराखाली धरले आणि त्या निघून गेल्या.

दादासाहेब गायकवाडांचा जन्म १९०२ साली दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावचा. काळारामानंतर भूमिहीनांचे सत्याग्रह त्यांनी चालविले, संसदेत बसले, १९६८ साली पद्मश्री मिळाली, १९७१ साली ते निवर्तले. त्यांच्या नावाचे सभागृह नाशकात आहे. तेथे व्याख्याने होतात, नाटके होतात. तरीही त्यांच्या जिल्ह्यातल्या पदपथावर त्यांचे चित्र मागणाऱ्या बाईंना त्याविनाच वळावे लागले. आणि पहिल्या तुकडीतील त्या पंचवीस स्त्रिया? त्यांची तर चित्रे सोडाच, नावेही कोणास ओळीने सांगता यावयाची नाहीत. बाजाराचा हाच दोष आहे. तो एका मोठ्या माणसाचे हजार चेहरे छापतो आणि हजार लहान माणसांचा एकही नाही. मोठ्या माणसालाही त्यामुळे एकटेपणा येतो. चित्रातले बाबासाहेब आपले आकाशातून उतरल्यासारखे दिसतात. दरवाजावर बसलेली, उन्हात तापलेली, भाकरी सोडून खाणारी माणसे त्यांच्यामागे नसतात. ज्याने आयुष्यभर विभूतिपूजेविरुद्ध बजावले त्याचीच मूर्ती तेवढी उरावी, हा केवढा दैवदुर्विलास! नाशिकच्या एखाद्या चित्रकाराने काळारामाच्या चारी दरवाजांचे चित्र करावे, त्यात त्या स्त्रिया याव्यात, चेहऱ्यांचे रंग जसे होते तसे ठेवावेत, आणि ते शंभर रुपयांच्या आत पदपथावर मिळावे, अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे.

तसबिरी मढविणाऱ्या एका कारागिराने आम्हांस या व्यवसायातील एक गंमत सांगितली. स्वस्त छपाईतील शाई उन्हाला टिकत नाही. तिच्यातील तांबडा आणि पिवळा प्रथम उडतात, निळा आणि काळा मागे राहतात. म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेले कोणतेही चित्र काही वर्षांनी निळे दिसू लागते. लोक ते बदलावयास आणतात. “पण साहेब,” तो म्हणाला, “बाबासाहेबांची तसबीर निळी पडली म्हणून बदलावयास आणलेली मी पाहिली नाही. काच फुटली तर आणतात.” गुलाबी चेहरा उडून जातो, टायचा तांबडा उडून जातो, मागच्या सूर्याचा पिवळा उडून जातो, आणि घरातली माणसे त्याच तसबिरीला दरवर्षी हार घालीत राहतात.

आमच्या स्नेह्यांच्या अभ्यासिकेतील ती रिकामी जागा अजून तशीच आहे. ती पश्चिमेच्या खिडकीसमोर नाही, तेव्हा तेथे रंग उडण्याचे फारसे भय नाही. खिळाही पूर्वीचाच एक ठोकलेला आहे. गेल्या भेटीत चहा येईपर्यंत आम्ही त्या खिळ्याकडे पाहत बसलो होतो, आणि या खेपेस तेही पाहत होते.